प्रल्हाद शिंदे यांच्या गायनातील मराठी

आषाढीची वारी आटोपल्यावर शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परतीच्या वाटेवर बीड, गेवराई करीत गोदावरी ओलांडते आणि जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात, शहागडास, पाऊल ठेवते. जाताना ही पालखी शहागडावरून जात नाही. परळी, सोलापूर, मंगळवेढा अशा दूरच्या मार्गाने ती पंढरपूर गाठते. शहागडाच्या वाट्याला येतात ते पंढरीकडे पाठ करून घराकडे निघालेले वारकरी. दिंडीत टाळमृदंगावर संतांचे अभंग चाललेले असतात. स्वागताच्या मांडवातील ध्वनिक्षेपकावर मात्र जी गीते वाजतात त्यांत ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ हे प्रल्हाद शिंदे यांचे गीत असतेच. परतणाऱ्यांच्या स्वागतास जाणाऱ्यांचे गीत लावले गेले आहे, ह्या विसंगतीकडे कोणाचेही लक्ष जात नाही. गीताने सांगितलेली दिशा ऐकणारा विचारात घेत नाही; त्याला तो आवाज हवा असतो.

हा आवाज ‘लोकगायकाचा’ म्हणून ओळखला जातो. लोकगायक ही संज्ञा मराठी समीक्षेत फार सैलपणे वापरली जाते. गायक खेड्यातून आला, त्याचे औपचारिक शिक्षण फारसे झाले नाही, त्याची गीते जत्रेत व लग्नात वाजतात, एवढ्या तीन गोष्टी जुळल्या की ती संज्ञा त्यास चिकटते. आणि एकदा ती चिकटली की त्याच्या गायनाविषयी आणखी काही बोलावयाची गरज उरत नाही. ‘मातीतला आवाज’, ‘रांगडा बाज’ असे दोनचार ठरीव शब्दप्रयोग पुरे पडतात. प्रल्हाद शिंदे यांच्या कारकीर्दीविषयी जे लिहिले जाते त्याचे स्वरूप बहुतांशी असेच आहे. त्यांच्या गायनात नेमके ‘लोक’ ते कोणते, शब्दांत की स्वरांत, हा प्रश्न क्वचितच उपस्थित होतो. ह्या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास रूढ समजूत उलटी होते.

वर उल्लेखिलेल्या गीताची शब्दरचना दत्ता पाटील यांची व चाल मधुकर पाठक यांची. (ही दोन नावे ऐकणाऱ्यांपैकी फारच थोड्यांस ठाऊक असतात. गायकाच्या नावाने गीत ओळखले जाणे ही ध्वनिमुद्रणयुगाची रीत. तिचा पहिला बळी नेहमी कवी असतो.) त्यातील रूपांकडे पाहावे. ‘पाऊले’ हे नपुंसकलिंगी अनेकवचन एकारान्त आहे. बोलणारा मराठी माणूस, मग तो पुण्याचा असो की शहागडाचा, ‘पावलं’ म्हणतो. ‘चालती’ हे वर्तमानकाळी तृतीयपुरुषी अनेकवचन होय. प्रमाण भाषेत येथे ‘चालतात’ येईल, पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण बोलीत ‘चालत्यात’ येईल, आणि शहागडाच्या परिसरात, अंबडपासून गोदेपलीकडील गेवराईपर्यंत, ‘चालतेत’ हे रूप कानी पडेल. ‘-ती’ हा प्रत्यय ह्यांपैकी कोठलाच नव्हे. तो ज्ञानेश्वरीपासून चालत आलेला, आज केवळ पद्यात व काही म्हणींत टिकून राहिलेला प्रत्यय आहे. पुढे येणारे ‘सोडूनिया’ हे पूर्वकालवाचक रूपही त्याच कुळातले. ‘वाट चालणे’ हा प्रयोग तेवढा घरगुती आहे. पण तो सर्वांच्याच घरचा आहे, एखाद्या विवक्षित बोलीचा नव्हे.

तात्पर्य, ज्या गीताला ग्रामीण म्हटले जाते त्यात ग्रामीण बोलीचे एकही रूप नाही. त्याचे व्याकरण संतवाङ्मयाचे आहे. ह्या दृष्टीने पाहता १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’शी त्याचे नाते ‘लोकगीता’पेक्षा अधिक जवळचे ठरते. माडगूळकरांनीही बोलीतील रूपे टाळून पद्यपरंपरेतील जुनी रूपे मोकळेपणाने योजली होती. तरीही ‘गीतरामायण’ ऐकणारा त्याला शिष्ट म्हणतो आणि ‘पाऊले चालती’ ऐकणारा त्याला रांगडे म्हणतो. दोन्हींच्या व्याकरणाची जात एक असताना ऐकणारा त्यांची अशी वेगळी वर्गवारी करतो, याचा अर्थ त्याचा निकष शब्दात नाही. तो आवाजाच्या फेकीत आहे.

सुधीर फडके यांचा आवाज ध्वनिग्राहकाच्या सान्निध्यात घडलेला आवाज होता. ध्वनिमुद्रिका व नभोवाणी ही साधने आल्यावर गायकाला मोठ्याने गाण्याची गरज राहिली नाही. श्वासाचा हलकासा कंप, व्यंजनाचा मृदू स्पर्श, ओळीच्या शेवटी विरत जाणारा स्वर, हे सारे आता दूरच्या श्रोत्यापर्यंत पोहोचू लागले. गजानन वाटवे यांच्यापासून मराठी भावगीताने जी शैली घडविली तिचा पाया हाच आहे: गायक एकाच श्रोत्याशी, आणि तेही हाताच्या अंतरावरून, बोलत आहे असा आभास. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज असे अंतर मुळी कल्पीतच नाही. तो खुल्या गळ्याने, वरच्या पट्टीत, समोर जमाव आहे असे गृहीत धरून निघतो. अत्यंत शांत अशा ध्वनिमुद्रणगृहात मुद्रित झालेल्या गीतातही त्यांच्यासमोर मैदान असते.

ह्या सवयीचा उगम कव्वालीत आहे. १९३३ साली एका गरीब दलित कुटुंबात जन्मलेले, मंगळवेढ्याशी कुळाचे नाते सांगणारे शिंदे उमेदवारीच्या काळात इस्माईल आझाद यांच्या कव्वाली-मंडळीत साथीला गात होते. १९५८ च्या ‘अल हिलाल’ ह्या चित्रपटातील कव्वालीने सर्वतोमुखी झालेले आझाद ते हेच. मुंबईच्या कामगारवस्त्यांत कव्वालीचे सामने ही त्या काळची मोठी करमणूक होती, आणि आंबेडकरी गायकांनी हाच प्रकार मराठीत आणून भीमगीतांसाठी राबविला. कव्वालीत मुख्य गायक ओळ फेकतो, साथीदार ती उचलतात, पुन्हा तीच ओळ येते. पहिल्या वेळी श्रोता शब्द ऐकतो, दुसऱ्या वेळी अर्थ, तिसऱ्या वेळी तो स्वतःच म्हणू लागतो. अशा गायनात शब्द अस्पष्ट राहून चालत नाही. सामन्यात तर शब्द कळला नाही की डाव गेलाच.

शिंदे यांच्या भक्तिगीतांतील उच्चारांवर ह्या शिक्षणाचा ठसा स्पष्ट दिसतो. ओळ दोन खंडांत तुटते, प्रत्येक खंडाच्या अखेरीस एक दीर्घ स्वर येतो आणि आवाज त्याच दीर्घ स्वरावर चढतो. ‘वाट’ ह्या शब्दात ताण पडतो तो ‘वा’तील आकारावर, मागचा टकार झटक्यासरशी मिटतो. मराठीत शब्दान्तीचा अकार बोलताना लोप पावतो, गाताना मात्र पुष्कळदा परत येतो. भावगीतगायक त्याचा उपयोग स्वर लांबविण्यासाठी करतात. शिंदे तो मोह बहुधा टाळतात, व्यंजनावर शब्द बंद करतात. त्यामुळे त्यांच्या गायनातील शब्द बोलण्यातील शब्दासारखा तुटक राहतो. संतवाङ्मयाची जुनी रूपे आणि बोलण्याची ही तोड, ह्यांचा संयोग ऐकणाऱ्याला परका वाटत नाही. एरवी ‘चालतेत’ म्हणणारा माणूस ‘चालती’ हे रूप आपलेच समजून गुणगुणतो याचे कारण येथे आहे.

कव्वालीने मराठी भक्तिगीताला काय दिले ह्याचा विचार संगीताच्या अभ्यासकांनी स्वतंत्रपणे करावयास हवा. येथे एवढेच नोंदविणे पुरेसे की ज्यास आज ‘अस्सल मराठमोळा’ म्हणून गौरविले जाते, त्या आवाजाची घडण एका उर्दू गानप्रकाराच्या हाताखाली झाली आहे. ‘अस्सल’ ह्या शब्दाविषयी अधिक काही लिहिण्याचे मग कारण उरत नाही.

शिंदे यांची ख्याती खऱ्या अर्थाने पसरली ती कॅसेटच्या काळात. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात उत्तर भारतातील कॅसेटव्यवसायाचा अभ्यास करून, ह्या स्वस्त साधनाने मोठ्या ध्वनिमुद्रण-कंपनीची मक्तेदारी मोडली व प्रादेशिक गायकांस बाजार मिळवून दिला, असे दाखविले आहे. महाराष्ट्रातही ऐंशीच्या दशकात हेच घडले. एस. टी. स्थानकाबाहेरच्या टपरीवर, चहाच्या दुकानात, गणपतीच्या मांडवात तो आवाज पोहोचला. मात्र ह्यावरून त्यांस ‘कॅसेटयुगाचे गायक’ म्हणणे बरोबर नाही. त्या वेळी त्यांनी वयाची पन्नाशी गाठली होती. कॅसेटने प्रसार केला तो आधीच पक्क्या झालेल्या, ध्वनिक्षेपकाच्या व सामन्यांच्या काळातील गायकीचा.

बाजाराने दिले तसे घेतलेही. मागणी वाढली तशी गीतांची संख्या वाढली, आणि संख्येबरोबर चालींचा साचा ठरून गेला. ऐका म्हणणारा आरंभ, कोरसाची तीच उचल, कडव्याच्या अखेरीस तोच चढ. कित्येक गीतांत शब्दरचना इतकी सामान्य आहे की आवाज काढून घेतला तर हाती काही लागू नये. सत्यनारायणाच्या कथेवरील त्यांचे गीत अमाप लोकप्रिय झाले. परंतु तेथे गायकाला कथानक सांगण्यापलीकडे वाव नाही, व ते काम कव्वालीच्या पद्धतीने करताना गीत एकसुरी होते. उलट ज्या गीतांत देवाशी भांडण आहे, आर्जवात तक्रार मिसळली आहे, तेथे हा आवाज आपल्या खऱ्या बळाने प्रकट होतो. ‘आता तरी देवा मला पावशील का’ हे त्याचे ठळक उदाहरण. तेथील प्रश्नार्थक वाक्यात शेवटच्या ‘का’वर स्वर ठेवण्याची त्यांची रीत ऐकावी. तो प्रश्न विनंतीचा राहात नाही, हिशेब मागणाऱ्याचा होतो.

कारकीर्दीचे मूल्यमापन ह्या ठिकाणी थांबविता आले असते. तथापि, शिंदे यांच्याविषयी जो प्रश्न कुजबुजत्या स्वरात विचारला जातो, त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नागपूर येथे आपल्या अनुयायांस बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत गौरी, गणपती इत्यादी हिंदू देवतांस देव न मानण्याची प्रतिज्ञा आहे. त्या वेळी तेवीस वर्षांचा असलेला, पुढे आयुष्यभर भीमगीतेही गाणारा हा गायक गणपतीचा, अंबाबाईचा, विठोबाचा आवाज कसा झाला? एका बाजूचे उत्तर पोटासाठी, असे असते. दुसऱ्या बाजूचे उत्तर कलेला धर्म नसतो, असे असते. पहिल्यात अवहेलना आहे. दुसरे ऐकावयास उदात्त असले तरी तितकेच पोकळ आहे.

गीतातील ‘मी’ कोण, ह्या व्याकरणाच्या प्रश्नाकडे वळल्यास अधिक हाती लागते. गीतातील प्रथमपुरुष हा गाणाऱ्याचा प्रथमपुरुष नसतो. ती एक भूमिका असते, आणि मराठी परंपरेला ही भूमिका जुनी आहे. शहागडाच्या वरच्या अंगाला, गोदावरीच्याच काठी वसलेल्या पैठणात सोळाव्या शतकात एकनाथांनी ‘जोहार’ची भारुडे रचिली. त्यांत बोलणारा ‘मी’ महार आहे, रचणारा ब्राह्मण. एकनाथांस कोणी ह्याबद्दल ढोंगी म्हणत नाही. मग उलट दिशेने, महाराष्ट्राने ज्यांना शतकानुशतके देवळाबाहेर ठेवले त्यांतील एक गायक वारकऱ्याचा ‘मी’ उच्चारतो, तेव्हा तेवढी शंका का यावी?

हा दाखला अर्थात दोन्ही बाजूंनी समसमान नाही, आणि तो तसा भासविणे चूक होईल. एकनाथांनी भूमिका निवडली; त्यासाठी त्यांना स्वतःचे घर सोडावे लागले नाही. शिंदे यांच्यापुढे ध्वनिमुद्रणाचा जो बाजार होता त्यात भक्तिगीताला जेवढी मागणी होती तेवढी भीमगीताला नव्हती. निवड झाली ती ह्या मर्यादेच्या आत. शिवाय भूमिकेचे ओझेही वेगळे. मंगळवेढा हे चोखोबांचे गाव. चोखोबांची समाधी पंढरपुरात आहे ती मंदिराच्या महाद्वाराबाहेर. विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांस खुले झाले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ साली. शिंदे तेव्हा चौदा वर्षांचे होते. ज्या वाटेचे वर्णन ते गातात तिच्या शेवटाशी असलेले दार त्यांच्या जन्मकाळी बंद होते. हे ध्यानात ठेवून गीत ऐकले म्हणजे त्यातील आवाजाचा कणखरपणा निराळा वाटू लागतो. तो मुद्दाम आणलेला आहे असे म्हणण्यास आधार नाही. परंतु समीक्षकाने ऐकताना तो दृष्टिआड करण्यासही आधार नाही.

अमेरिकेतील कंट्री संगीताच्या इतिहासात ह्याला समांतर असे एक चरित्र आहे. १९३४ साली मिसिसिपीत, वाट्याने शेती करणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मलेले चार्ली प्राइड पुढे ह्या संगीताचे अग्रगण्य गायक झाले. हे संगीत गोऱ्या ग्रामीण समाजाचे मानले जाई. १९६६ साली त्यांची पहिली गीते नभोवाणी-केंद्रांकडे पाठविताना कंपनीने त्यांचे छायाचित्र सोबत दिले नाही. श्रोत्यांनी आधी आवाज स्वीकारला, वर्ण मागाहून कळला. २००० साली त्यांचा समावेश कंट्री संगीताच्या मानकऱ्यांत झाला. शिंदे यांच्या बाबतीत कोणी काही लपविले नाही. त्यांनी स्वतः तर मुळीच नाही, भीमजयंतीच्या व्यासपीठावर ते उघडपणे गात होते. पण मराठीत आडनावच कधीकधी छायाचित्र झाकते. ‘शिंदे’ हे आडनाव मराठ्यांत आहे, दलितांत आहे, इतर जातींतही आहे. ऐकणाऱ्याला जे गृहीत धरावयाचे असेल ते धरण्यास ते मोकळीक देते.

मराठवाड्यात ही मोकळीक किती उपयोगी पडली हे तारखा ताडून पाहिल्यास कळते. मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये संमत केला आणि त्यापाठोपाठ ह्या भागात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. मधली सोळा वर्षे हीच शिंदे यांच्या भक्तिगीतांच्या कॅसेटी गावोगाव पसरण्याची वर्षे होत. ज्या गावांना एक नाव विद्यापीठाच्या दारावर नको होते, त्यांतील देवळांच्या ध्वनिक्षेपकांवर त्याच समाजातील एका गायकाचा आवाज पहाटे देव जागवीत होता. ह्यावरून समाज आतून एक होता असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, व म्हणूनच तो काढू नये. आवाज स्वीकारणे आणि माणूस स्वीकारणे ह्या दोन क्रिया आहेत. पहिली घडली म्हणजे दुसरी घडतेच असे नाही.

प्रल्हाद शिंदे २३ जून २००४ रोजी निवर्तले. त्याच वर्षी मे महिन्यात वामनदादा कर्डक गेले होते. पुढच्या पिढीत भाषेचे गणित बदलले. आनंद शिंदे यांचे नाव ज्या ‘नवीन पोपट’ गीताने घरोघर झाले त्याचा पहिलाच शब्द ‘जवा’ आहे, ‘जेव्हा’ नव्हे. वडिलांच्या भक्तिगीतांत न सापडणारी बोली मुलाच्या विनोदी गीतात सापडते. बोलीचा असा उपयोग नवा नाही. मराठी नाटक व चित्रपट तो बराच काळ करीत आले आहेत. भक्तीसाठी ग्रंथाची भाषा, हशासाठी गावाची, ही वाटणी लोकगायकांनीही मुकाट्याने मान्य केलेली दिसते. नातू आदर्श शिंदे चित्रपटांत आले आणि ‘दुनियादारी’ (२०१३) ह्या चित्रपटातील देवाच्या गाभाऱ्याविषयीच्या गीतात त्यांचा आवाज आहे. घराण्याचा चढा सूर त्यात टिकला आहे. ध्वनिग्राहक मात्र जवळ आला आहे. आजोबांसमोरचे मैदान नातवासमोर नाही.

ही वाटणी मोडली ती ह्या घराण्याच्या बाहेर, आणि मराठवाड्यात. कडूबाई खरात यांची एकतारीवरील भीमगीते गेल्या दशकात भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून सर्वदूर गेली. त्यांच्या गायनात ‘ण’च्या जागी ‘न’, तृतीयेची बोलीतील अनुस्वारयुक्त रूपे, ‘माय’ हे संबोधन असे जे कानावर येते ते शहागडाच्या बाजारात ऐकू येणाऱ्या मराठीपासून फार दूरचे नाही, आणि ते हसविण्यासाठी आलेले नाही. एका गंभीर, कृतज्ञ भावनेसाठी ही बोली येथे वापरली गेली आहे. प्रल्हाद शिंदे यांनी दूरवर फेकलेला, पण ग्रंथाच्या रूपांत बोलणारा आवाज आणि कडूबाईंचा जवळचा, पण बोलीच्या रूपांत बोलणारा आवाज, हे दोन्ही एकाच चळवळीच्या परिसरात वाढलेले असून त्यांतील अंतर काही दशकांचे आहे. ह्या दोन ध्वनिमुद्रणांतील रूपांची शब्दशः नोंद करून ती शेजारी ठेवण्याचे काम पदव्युत्तर प्रबंधास पुरेल एवढे आहे. शहागड, वडीगोद्री, अंबड ह्या पट्ट्यातील बोलीचे नमुने त्याच्या जोडीला घेतल्यास ‘चालती’ आणि ‘चालतेत’ ह्यांपैकी कोणते रूप गाताना कोणाच्या तोंडी टिकते हेही पडताळता येईल. पालखी शहागडाहून वडीगोद्रीकडे निघते त्या दिवसाहून ह्या कामास बरा दिवस सापडणार नाही.